अजून दोन मिनिटं

मिनिट संपल्याची शिटी तीनदा वाजली आणि वायरमनने मायक्रोवेव्हचं दार उघडून कपातल्या पाण्यात बोट बुडवलं. पाणी नळातून आलं होतं तसंच गार होतं. त्याने कप बाहेर काढला, उगाच खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि मान हलवली.

“काय म्हणतंय पेशंट?” दारात उभ्या असलेल्या नकाशाबाईंनी विचारलं. तक्रार त्यांनीच नोंदवली होती.

“दिवा लागतो, थाळी फिरते, पंखा चालतो. तापवत मात्र नाही.”

“म्हणजे हजेरी पूर्ण, काम शून्य. आपल्या ऑफिसात शोभतो अगदी.”

वायरमन हसला. खरं तर कप आत ठेवायच्या आधीच त्याला रोग कळला होता. धडधाकट मायक्रोवेव्ह सुरू झाला की क्षणभराने त्याचा आवाज जड होतो, पोटातून घुमल्यासारखा. हा नुसताच गुणगुणत होता. आतला बोटभर लांबीचा फ्यूज उडाला होता, दुसरं काही नाही. तसले तीन फ्यूज त्याच्या टेबलाच्या खणात बिस्किटांच्या डब्यात पडून होते. वीस मिनिटांचं काम.

“पार्ट मागवावा लागेल,” तो म्हणाला.

हे वाक्य तोंडातून कसं निघालं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने कामाच्या बाबतीत थाप मारली नव्हती. पण आता निघालं ते निघालं.

“किती दिवस लागतील?”

“काय सांगायचं? महिना, दीड महिना. बाहेरून येतो तो.”

नकाशाबाईंनी मागे वळून रिकाम्या व्हरांड्याकडे पाहिलं.

“म्हणजे आता इथे रांग नाही लागायची,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, हातातल्या निळ्या डब्याच्या फडक्याची गाठ नीट करत म्हणाल्या, “अहो, पण आपण लावून बघत जाऊ रोज. यंत्राचं काही सांगता येत नाही. एखाद्या दिवशी आपणहून सुरू व्हायचं.”

यंत्रं आपणहून सुरू होत नाहीत, हे वायरमनइतकं कोणाला ठाऊक असणार? पण तो म्हणाला, “तेही खरंच.”

दुसऱ्या मजल्याच्या टोकाला असलेली ती खोली म्हणजे एक मोरी, एक फळी, एक खिडकी आणि दोन माणसांनी अंग चोरून उभं राहावं इतकी जागा. ऑफिसातले पुरुष जेवायचे खालच्या लांब टेबलावर आणि बायका जेवायच्या टायपिंगच्या खोलीत. असा नियम कोणी केला नव्हता, त्यामुळे तो कोणाला मोडताही येत नव्हता. डबा गरम करायला मात्र सगळ्यांना इथेच यावं लागे. गर्दी ओसरली की एक वाजून वीस मिनिटांनी नकाशाबाई यायच्या. वायरमनलाही नेमकी तेव्हाच भूक लागायची. दोन वर्षं हे चाललं होतं. दोन मिनिटं त्यांच्या डब्याची, दोन याच्या. एवढ्यात माणूस बोलणार काय? त्यात पाठीमागे कोणीतरी चमचा वाजवत उभं असायचंच.

आता मागे कोणी नव्हतं. बाकीच्यांनी दोन दिवस वायरमनच्या नावाने बोटं मोडली आणि मग आपापली सोय पाहिली. कोणी घरून जाड पिशव्या आणल्या, कोणी बारालाच डबा उघडायला लागलं.

ही दोघं तेवढी रोज येत राहिली. आधी निळा डबा आत जायचा. त्याच्या आत काय आहे ते बाहेरून दिसायचं नाही. मग वायरमनचा काचेचा, ज्यातला भात आणि भाजी साऱ्या जगाला दिसायची. शिटी झाली की नकाशाबाई डब्याच्या बुडाला तळवा लावायच्या.

“झालाय हो थोडा कोमट.”

“माझाही,” वायरमन म्हणायचा. त्याचा भात दगडासारखा गार असायचा.

“अजून दोन मिनिटं लावू?”

“लावा की.”

असं करत करत चाराची आठ मिनिटं झाली आणि आठाची पंधरा. दोघंही त्या उजळलेल्या काचेकडे तोंड करून उभी राहायची आणि आत फिरणाऱ्या डब्याशी बोलल्यासारखं बोलायची. एकमेकांकडे न बघता बोलायला ती काच फार सोयीची होती.

नकाशाबाईंचं काम जुन्या नकाशांना पाठीमागून पातळ कापड चिकटवण्याचं. घड्यांवर फाटलेले, कोपरे खाल्लेले नकाशे त्यांच्या हाताखालून जायचे. एकदा म्हणाल्या, “काल एक तळं आलं होतं बघा. आता तिथे बसचा आगार आहे. तीन दिवस त्या तळ्याच्या पाठीला खळ लावत होते. माया जडली मेली.”

वायरमनने बायकोबद्दल ऑफिसात कधी अवाक्षर काढलं नव्हतं. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. ते त्याने इथे सांगितलं, थाळी फिरत असताना. नकाशाबाई हळहळल्या नाहीत, की ‘देवाची मर्जी’ असंही म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, “हसायच्या कशा त्या?” नऊ वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. वायरमनला उत्तर द्यायला अजून दोन मिनिटं लावावी लागली.

“आमचे हे गेले,” नंतर कधीतरी त्या म्हणाल्या. “म्हणजे वारले नाहीत. गेले. वीस वर्षं झाली. मुलगा आहे, नोकरीला लांब असतो, रविवारी फोन करतो. तेवढा फोन सोडला तर सुट्टीच्या दिवशी मी कोणाशी बोलतच नाही. सोमवारी सकाळी माझा आवाज मलाच घोगरा वाटतो.”

हे ऐकल्यापासून सोमवारी सकाळी वायरमन नकाशांच्या विभागात काही ना काही कारण काढून जायला लागला. कधी पंखा तपासायचा, कधी बटणं. नकाशाबाई “या” म्हणायच्या, आणि आवाज खरंच घोगरा असायचा.

आणखी एक गोष्ट होती. ऑफिसातल्या सगळ्या बायका त्याला भाऊ म्हणायच्या. भाऊ, जरा ट्यूब बघा. भाऊ, शॉक बसतोय. चांगल्या होत्या बिचाऱ्या, त्यांचा काही दोष नाही. नकाशाबाई मात्र नुसतं “अहो” म्हणून पुढचं बोलायला लागायच्या. त्यात काहीच नसेल. पण असेलही, एवढ्या आशेवर वायरमन महिनाभर गार भात गिळत होता.

पाचव्या आठवड्यात मंगळवारी फलकावर कागद लागला. नकाशांचा विभाग येत्या सोमवारपासून नव्या इमारतीत. नवी इमारत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बसने तासाभराच्या वाटेवर. नकाशांबरोबर बाई जाणार, हे उघडच होतं. इमारतीबरोबर वायरमन राहणार, हेही.

त्या दिवशी थाळी दोन फेऱ्या फिरली.

“वाचलंत?” नकाशाबाई म्हणाल्या.

“वाचलं.”

“तिकडे उजेड चांगला आहे म्हणतात.”

“हो. मोठ्या खिडक्या आहेत.”

जाऊ नका, हे म्हणायचा वायरमनला कसला हक्क? बरं, येत जा म्हणावं, तर कुठे येत जा म्हणावं? नकाशाबाईंनी डब्याला तळवा लावला, “झाला कोमट” म्हणाल्या आणि गेल्या. अजून दोन मिनिटं लावू का, हे त्या दिवशी दोघांनीही विचारलं नाही.

घरी त्याची थोरली बहीण होती. डबा तीच भरायची आणि तीच घासायची. बुधवारी संध्याकाळी ताईने काचेचा डबा मोरीत न नेता त्याच्यापुढे आणून ठेवला.

“तुमचा मायक्रोवेव्ह बिघडलाय का रे?”

“छे. चालतो की.”

“मग हे तेल कडेला थिजलंय कसं? गरम केलेला डबा मला ओळखू येत नाही होय? महिना झाला, बघतेय मी.”

“पार्ट मिळत नाही त्याचा.”

“तुला?” ताईने कमरेवर हात ठेवले. “शेजारणीचा मिक्सर तू केसातली पिन लावून चालू केलास, आणि तुला पार्ट मिळत नाही? कोणाला शेंड्या लावतोस?”

वायरमन डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिला. ताईने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग आवाज खाली आला.

“एकटाच खातोस का गार?”

“नाही. अजून एक आहेत. नकाशांच्या विभागात.”

ताई खुर्ची ओढून बसली. तिला काही आणखी विचारावं लागलं नाही, लहानपणापासून लागत नव्हतं.

“आणि त्या बाईलासुद्धा तू महिनाभर गार जेवायला घालतोयस?”

“मी कुठे घालतोय?”

“मग कोण? फ्यूज कुणाच्या खणात आहे?” फ्यूजच असणार, हे तिने कशावरून ओळखलं, देव जाणे. “अरे, बोलायचं तर तोंड आहे ना तुला? त्याच्यासाठी यंत्र मोडून ठेवायचं?”

“मी नाही मोडलं, ताई.”

“दुरुस्तही नाही केलंस,” ताई म्हणाली आणि डबा उचलून आत गेली.

गुरुवारी वायरमनने पहिल्यांदाच काचेवरून नजर काढून नकाशाबाईंकडे नीट पाहिलं. बाई वाळल्या होत्या. मनगटावरचं घड्याळ सरकून पार कोपराजवळ जात होतं आणि त्या ते पुन्हापुन्हा खाली ओढत होत्या. महिनाभर गार अन्न. दुसरं काय होणार? बिचाऱ्या रोज कोमट झालं म्हणायच्या आणि निमूट जाऊन तो थंडगार गोळा गिळायच्या. आणि हे कोणामुळे, तर याच्या पंधरा मिनिटांच्या हावेपायी. आपण इतके आपमतलबी असू, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याची स्वतःचीच त्याला शिसारी आली.

बोलणं काही जमणार नव्हतं, हे त्याला कळून चुकलं होतं. निदान शेवटच्या दिवशी तरी त्यांच्या पोटात गरम घास जावा, एवढं आपल्या हातात आहे. मनाशी त्याने ठरवलं.

शुक्रवारी तो ऑफिस उघडायच्या तासभर आधी आला. प्लग काढला, मायक्रोवेव्ह फळीवर पुढे ओढला, मागचे स्क्रू सोडवून पत्रा उतरवला. आत साठून राहिलेली वीज लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने आधी उतरवली. या यंत्राचा प्लग काढला तरी ते माणसाला झटका देऊ शकतं, म्हणून हे आधी करायचं असतं. उडालेला फ्यूज काढला, नवा बसवला. पत्रा चढवताना त्याचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होते. शेवटचा स्क्रू त्याने दोनदा काढून दोनदा बसवला. मग कपात पाणी ठेवून मिनिट लावलं. आवाज क्षणभर पातळ आला आणि मग जड झाला. शिटी झाल्यावर त्याने सवयीने बोट बुडवलं आणि हाय हाय करत झटकलं.

एक वीसला तो खोलीत येऊन उभा होता. बाईंना आधी काही सांगायचं नाही, असा त्याचा बेत होता. त्या दार उघडतील, डब्यातून वाफ येईल, त्या वळून बघतील. जे त्याला बोलता येत नव्हतं, ते त्या वाफेने बोलावं, अशी त्याची अपेक्षा होती. नऊ वर्षांत त्याने कशाची इतकी वाट पाहिली नव्हती.

नकाशाबाई आल्या. आज साडी जरा बरी होती. निळा डबा त्यांनी आत ठेवला आणि बटणावर बोट ठेवून म्हणाल्या, “शेवटचा दिवस. आज एकदम चारच लावते.”

“लावा.”

थाळी फिरू लागली. आवाज जड झाला. बाईंनी मान तिरकी केली.

“आज आवाज वेगळा येतोय का हो?”

“नेहमीसारखाच आहे,” वायरमन म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

काही वेळ दोघं काचेकडे पाहत राहिली. पॅकिंग झालं का, त्याने विचारलं. झालं, त्या म्हणाल्या. मोठे नकाशे उद्या टेम्पोत जाणार. मग काचेवर आतून वाफ धरायला लागली, आणि एक गोडसर, ओला वास खोलीभर पसरला. नकाशाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

“अहो, बंद करा. बंद करा ते!”

“घाबरू नका. तापतंय ते. दुरुस्त झालंय.”

“तेच म्हणतेय, बंद करा!”

त्याने बटण दाबेपर्यंत डब्याचं झाकण फटकन उडाल्याचा आवाज झाला. बाईंनी दार उघडलं. वाफेचा लोट बाहेर आला, वायरमनने योजला होता अगदी तसाच. तो विरल्यावर दोघांनी डब्यात वाकून पाहिलं. काकडीच्या चकत्या गळून पारदर्शक झाल्या होत्या. शेजारी लालसर पाण्यात मऊ गोळे रटरटत होते.

“हे काय?”

“कलिंगड,” नकाशाबाई म्हणाल्या. “होतं.”

वायरमन डब्याकडे बघतच राहिला.

“पहिला आठवडा गार भात खाल्ला,” बाई खाली बघत म्हणाल्या. “पोट बिघडलं. म्हणून सकाळी घरून जेवून यायला लागले. इथे आपली फळं.”

“रोज?”

“रोज.”

“मग आत कशाला ठेवत होतात?”

विचारलं आणि त्याने जीभ चावली. नकाशाबाईंनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्यांनी मान वर केली.

“पार्ट कधी आला?”

आता खोटं बोलण्यात काही राम नव्हता.

“पार्ट होताच.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. माझ्या खणात.”

“आणि लावायला किती वेळ लागला?”

“वीस मिनिटं.”

त्या काही बोलणार, तेवढ्यात व्हरांड्यात पावलं वाजली. हातात डबा घेऊन हेडक्लार्क दारात डोकावले. “काय वायरमन, कसला वास येतोय? झाला की काय चालू?”

वायरमनने तोंड उघडलं. त्याच्या आधी नकाशाबाई एक पाऊल बाजूला सरकल्या. मायक्रोवेव्ह त्यांच्या पाठीआड गेला. खांद्यामागून वाफेची एक बारीक रेघ वर चढत होती.

“नाही हो, साहेब,” त्या म्हणाल्या. “अजून नाही तापवत.”

“कमाल आहे तुमची,” हेडक्लार्क वायरमनला म्हणाले आणि पाय आपटत निघून गेले.

पावलं जिन्यावरून खाली गेल्याचं ऐकू येईपर्यंत दोघं तशीच उभी होती. मग नकाशाबाईंनी फडक्याने धरून डबा बाहेर काढला आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवला. कोपऱ्यातलं स्टूल वायरमनकडे सरकवलं. स्वतः पालथ्या बादलीवर बसल्या.

“बसा.”

“इथे?”

“मग? मी काय हे एवढं एकटी खाणार आहे?”

वायरमन बसला. चमचा एकच होता. बाईंनी एक गोळा खाल्ला, डोळे मिटले, कसाबसा गिळला आणि चमचा पुसून त्याच्यापुढे धरला.

“नव्या इमारतीत वायरमन कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही अजून. तक्रार आली की इथूनच जावं लागेल.”

“आणि तिथला मायक्रोवेव्ह?”

“कोरा करकरीत आहे. दोन वर्षं काही व्हायचं नाही त्याला.”

“बघू,” नकाशाबाई म्हणाल्या. “यंत्रच ते.”

वायरमनने कलिंगडाचा गोळा तोंडात घातला. त्याची जीभ भाजली. इतकं वाईट त्याने जन्मात काही खाल्लं नव्हतं. त्याने आणखी एक घेतला.